गोठलेली लस ओळखायची शेक टेस्ट

लस उन्हाने बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं, थंडीने बिघडते हे विसरलं जातं. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) या लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. एकदा गोठलं की त्यांचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि लसीचा जोर जातो. वितळल्यावर नुसत्या नजरेला काही कळत नाही, म्हणून ही चाचणी.

जी व्हायल (लसीची छोटी बाटली) गोठली असावी असा संशय आहे, तिच्याच कंपनीची, त्याच बॅचची आणखी एक व्हायल घ्या. तिच्यावर ठळक ‘गोठवलेली’ लिहा, नाहीतर ती चुकून बाळाला टोचली जाईल. रात्रभर डीप फ्रीझरमध्ये घट्ट गोठवा, मग आपोआप वितळू द्या. गरम पाण्यात धरू नका. आता दोन्ही व्हायल एकाच हातात धरून 10-15 सेकंद जोरात हलवा, सपाट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि उजेडात 30 मिनिटांपर्यंत बघा. गोठवलेलीत वरचं पाणी नितळ होत जातं, तळाशी पांढरा गाळ बसतो. संशयित व्हायलमध्ये गाळ तितक्याच किंवा जास्त वेगाने बसला, तर ती बाद. सावकाश बसला, तर वापरा. आयपीव्हीला (पोलिओच्या इंजेक्शनच्या लसीला) ही चाचणी लागू नाही.

लस गोठते त्यात अनेकदा दोष कॅरियरमधल्या (लस नेण्याच्या डब्यातल्या) आइस पॅकचा असतो. फ्रीझरमधून काढल्या काढल्या ते भरू नका. हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवा. घाईच्या सकाळी नेमकं हेच राहतं.