पावसाळ्याआधी माकडांच्या पिंजऱ्यांची तयारी

पाऊस तापीकाठी पोचायच्या आत हे उरकून घ्या भाऊ लोकांनो, कारण आपल्या जळगाव-धुळ्याच्या ४५ अंशांच्या उन्हात पकडून आणलेलं माकड आधीच पिचलेलं असतं, त्या ताणाने प्रतिकारशक्ती उतरते आणि पोटात गुपचूप बसलेला शिगेला नावाचा जुलाबाचा जंतू उठतो, मग रक्ताचे जुलाब सुरू होतात आणि शेजारचे पिंजरेही धरतात.

म्हणून आधी वेगळी जागा. नवीन आलेलं माकड लगेच जुन्यांत सोडू नका, त्याचा झाडू, बादली, भांडी वेगळी ठेवा आणि साफसफाई कायम तब्येतीने चांगल्यांपासून सुरू करून आजाऱ्याकडे शेवटी जा. अमेरिकेत बाहेरून आलेल्या माकडांना किमान ३१ दिवस वेगळं ठेवतात, आपण निदान महिना तरी धरा.

टीबीचं सगळ्यात नीट बघा. वरच्या पापणीत ट्युबरक्युलिनचं (टीबीच्या जंतूपासून काढलेल्या अर्काचं) बारीक इंजेक्शन देतात आणि २४, ४८, ७२ तासांनी सूज बघतात, ही सूज म्हणजे शरीरातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी पेशींनी टीबीचा जंतू ओळखल्याची खूण. पण सूज आली नाही म्हणून माकड निरोगी असं समजू नका, कारण लागण ताजी असेल तर पेशी अजून तयार नसतात आणि आजार फार वाढला असेल तर त्या दमून गप्प बसतात, त्यामुळे दोन-दोन आठवड्यांनी परत टेस्ट लावायला डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा.

आणि माणसांचं काय? टीबी काय, शिगेला काय, आपल्याकडूनही माकडांना जातो, म्हणून पिंजऱ्यावर काम करणाऱ्यांच्या थुंकीची तपासणी, एक्स-रे करून घ्या, खोकला किंवा जुलाब असेल त्याला सुट्टी द्या, पगार न कापता द्या, नाहीतर कोणी सांगणार नाही. गर्दी करून केळी भरवायला येणाऱ्यांना जाळीपासून लांबच ठेवा.

ब्लीचिंग पावडर भरून ठेवा, पण आधी घाण खरवडून धुवा, शीवर टाकलेली पावडर वाया जाते. ओआरएस, सलाइन, स्वॅबच्या नळ्या हाताशी पाहिजेत. जुलाब दिसले की अँटिबायोटिक अंदाजाने सुरू करू नका, आधी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, नमुना पाठवा, काळतोंड्या वानराला तर तोंडाने औषध देताना फारच जपून, पाला पचवणारे जंतू त्याच्या पोटात असतात आणि तेच मरतात. एकदा शिगेला होऊन गेलेलं माकड सुरक्षित असंही नाही, एका प्रकाराविरुद्धच्या अँटीबॉडी दुसऱ्या प्रकाराला थांबवतीलच असं नाही.

माकड दगावलं तर पुरायची घाई नको, वनखात्याला कळवा, हातमोजे-मास्क घालून डॉक्टरांकडून पोस्टमॉर्टेम करून घ्या आणि फुफ्फुसात गाठी आहेत का ते लिहून घ्या.