इंग्रजीत ‘पिक अप’ नेमकं कसं वापरायचं?

‘आय विल पिक यू फ्रॉम वाशी स्टेशन.’ नवी मुंबईतल्या ऑफिसांच्या ग्रुपवर असा मेसेज सर्रास दिसतो. म्हणायचं असतं, वाशी स्टेशनला तुला घ्यायला येतो. पण नुसत्या ‘पिक’चा अर्थ होतो निवडणं, वेचणं. घ्यायला येणं हा अर्थ ‘अप’मुळे येतो. म्हणून पहिली पायरी एकच, ‘अप’ गाळायचा नाही: ‘आय विल पिक यू अप.’

फोनचंही तसंच. ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’ ऐवजी ‘ही इज नॉट पिकिंग अप’ म्हणा, किंवा सरळ ‘आन्सरिंग माय कॉल’. शाळेच्या व्हॅनवरचं ‘पिक अँड ड्रॉप’ आपल्याकडे सगळ्यांना कळतं, त्यात काही बिघडत नाही. परदेशी क्लायंटला मेल लिहिताना मात्र ‘पिक-अप अँड ड्रॉप-ऑफ’ लिहावं.

दुसरी पायरी शब्दांच्या जागेची, आणि खरी गडबड इथेच होते. वस्तूचं किंवा माणसाचं नाव असेल तर ‘पिक अप द पार्सल’ आणि ‘पिक द पार्सल अप’ दोन्ही बरोबर. सर्वनाम आलं, म्हणजे हिम, हर, इट, देम, की ते मधेच बसतं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ चुकीचंच. उलट नाव लांबलचक असेल तर ‘अप’ क्रियापदाला चिकटून ठेवा: ‘पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम पुणे’. इतक्या लांबच्या शब्दांनंतर आलेला ‘अप’ वाचणाऱ्याच्या हातातून निसटतो.

आता अर्थ. मराठी माणसाला ते फारसे पाठ करावे लागत नाहीत, कारण आपलं ‘उचलणं’ जवळजवळ तेवढंच फिरतं. जमिनीवरचा कागद उचला, फोन उचला, दोन्हीकडे ‘पिक अप’. ठाण्यात वाढलेलं गुजराती घरातलं मूल खेळता खेळता मराठी उचलतं: ‘शी पिक्ड अप मराठी फ्रॉम हर फ्रेंड्स.’ शिकवणी न लावता, कानावर पडून आलेलं असेल तरच हा शब्द शोभतो. गणपतीच्या आधी जांभळी नाक्यावरचा धंदा उचल खातो: ‘बिझनेस पिक्स अप.’ इथे कोणी काही उचलत नाही, धंदा स्वतःच वाढतो, म्हणून पुढे कर्म येत नाही. पोलिसांनी एखाद्याला उचललं, तेही ‘पिक्ड हिम अप’.

फरक पडतो तो माणसाला घ्यायला जाण्यात. लेकीला क्लासवरून ‘उचलून आणली’ असं आपण म्हणत नाही, ‘घेऊन आलो’ म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘आय पिक्ड हर अप’ अगदी रोजचं. येताना दूध घेऊन ये, हेही ‘पिक अप सम मिल्क’. लोकल ठाणे सोडून वेग घेते, तेव्हा ती ‘पिक्स अप स्पीड’.

उच्चाराकडे लक्ष द्या. भूतकाळात ‘पिक्ड’मधला शेवटचा आवाज ‘ट’चा असतो, आणि तो पुढच्या शब्दाला जोडला जातो: पिक्-टप. क्रियापद असेल तर जोर ‘अप’वर. ‘पिकअप पॉइंट’सारखं नाम असेल तर जोर ‘पिक’वर, आणि लिहितानाही ते एकत्र किंवा मधे छोटी रेघ देऊन लिहितात. क्रियापद कायम दोन सुटे शब्द.