तीन डिस्क, एकच 'फोटो' फोल्डर

घरच्या सर्व्हरवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आहे. दोन डिस्क ४ टीबीच्या, एक २ टीबीची. आधी सांबावरून (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम) प्रत्येक डिस्क वेगळी शेअर केली होती. आईला लग्नाचे फोटो हवे असले की 'पहिल्या डिस्कमध्ये बघ, नाहीतर तिसऱ्या' असं सांगावं लागायचं.

मर्जरएफएस या डिस्क एकत्र दाखवणाऱ्या प्रोग्रामने तिन्ही एका माउंटखाली, म्हणजे एकाच फोल्डरखाली आणल्या. फाइल्स आपापल्या डिस्कवर जशाच्या तशा राहतात, एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरचं शाबूत. मला हे फार मोलाचं वाटतं. बॅकअप मात्र वेगळा घ्यावाच लागतो.

खरी अडचण पुढे आली. फोटो टाकताना 'जागा शिल्लक नाही', आणि पूलमध्ये, म्हणजे तिन्ही डिस्क मिळून, तर दीड टीबी मोकळी! दोन संध्याकाळी सांबाची सेटिंग तपासली, ती ठीक होती. दोष निघाला नवीन फाइल कुठे लिहायची या धोरणात. माझ्याकडे 'ईपीएमएफएस' होतं. ते फोल्डर ज्या डिस्कवर आधीपासून आहे तिथेच लिहितं. 'फोटो' फक्त पहिल्या डिस्कवर होता आणि ती भरली होती. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेली फाइल) धोरण 'एमएफएस' केलं, म्हणजे सर्वांत जास्त मोकळी असेल त्या डिस्कवर लिहायचं. शिवाय 'मिनफ्रीस्पेस' ५० जीबी ठेवलं, म्हणजे त्याहून कमी जागा उरलेल्या डिस्कवर नवीन फाइल जात नाही. पूल पुन्हा माउंट केला, सांबा रीस्टार्ट केला आणि अडलेले फोटो लगेच गेले.

त्याच वेळी एफएसटॅबमधली 'एसडीबी', 'एसडीसी' ही डिस्कची नावं काढून यूयूआयडी (प्रत्येकीचा न बदलणारा ओळख क्रमांक) टाकले, कारण रीबूटनंतर ती नावं बदलू शकतात.