मध्यक आणि संभाव्यता: दहावीच्या गणितात या चुका टाळा

बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग १ मधली शेवटची दोन प्रकरणे म्हणजे संभाव्यता आणि सांख्यिकी. सूत्रे मोजकी असल्याने बहुतेकांना पाठ असतात. गुण जातात ते सारणीतला भलताच आकडा उचलल्यामुळे.

उदाहरणासाठी पुण्यातला ५० मुलांचा एक वर्ग धरू. कुणी शेजारच्या सोसायटीतून चालत येतं, कुणी हडपसरहून पीएमपीच्या बसने. शाळेत पोचायला लागणारी मिनिटे आणि मुलांची संख्या अशी: ०–१० मध्ये ६, १०–२० मध्ये १४, २०–३० मध्ये १६, ३०–४० मध्ये ९, ४०–५० मध्ये ५. वर्गातल्या मुलांची संख्या म्हणजे त्याची वारंवारता; ती क्रमाने मिळवत गेलं की संचित वारंवारता येते: ६, २०, ३६, ४५, ५०. मध्यक म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधली येणारी किंमत. निम्मी संख्या २५, ती २०–३० मध्ये येते, म्हणून मध्यकवर्ग २०–३०.

इथे मध्यकवर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे २०, घ्यायची. मध्यक = २० + (२५ − २०) ÷ १६ × १० = २३.१२५ मिनिटे. त्याच ओळीतली ३६ घेतली तर उत्तर १३.१२५ येते. ते मध्यकवर्गाबाहेर पडते, त्यामुळे चूक लगेच कळते. खरा घात होतो तो संचित वारंवारतेऐवजी आधीच्या वर्गाची साधी वारंवारता १४ घेतल्यावर. उत्तर २६.८७५ येते, वर्गातच बसते आणि कुणालाच शंका येत नाही. म्हणून ताळा करा: २० मिनिटांच्या आत २० मुले, पुढच्या ३.१२५ मिनिटांत ३.१२५ ÷ १० × १६ = ५ मुले; एकूण बरोबर २५. हाच ताळा २६.८७५ ला लावला तर ३१ मुले येतात.

वर्ग १०–१९, २०–२९ असे तुटक असतील तर आधी ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे सलग करा. वर्गांतर १० होते, ९ नव्हे.

बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारी किंमत) म्हणून १६ लिहू नका. ती वारंवारता आहे; बहुलक मिनिटांत, सुमारे २२.२ येतो. मध्य म्हणजे सरासरी काढताना गृहीतमध्य (सोयीसाठी अंदाजे धरलेला मध्य) २५ धरला तर विचलनांची, म्हणजे वर्गमध्य आणि २५ यांतल्या फरकांची, सरासरी −१.४ येते आणि मध्य २३.६. उणे चिन्ह सुटले की २६.४.

संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्यतांची यादी, पूर्ण लिहून काढा, मनात मोजू नका. दोन नाणी फेकली की ‘दोन्ही छापा, दोन्ही काटा, एक-एक’ अशा तीन शक्यता धरून एक छापा, एक काटा येण्याची संभाव्यता १/३ लिहिली जाते. पण छापा-काटा आणि काटा-छापा या वेगळ्या निष्पत्ती आहेत. एकूण चार, म्हणून उत्तर १/२. पत्त्यांमध्ये एक्का चित्रयुक्त नसतो, चित्रयुक्त पत्ते (राजा, राणी, गुलाम) १२ च. अंकांच्या गणितात शून्याकडे नीट बघा. ०, १, २, ३ पासून अंकांची पुनरावृत्ती न करता दोन अंकी संख्या ९ होतात, १२ नाही. ०१, ०२, ०३ या दोन अंकी नव्हेतच. त्यांतल्या सम संख्या १०, १२, २०, ३०, ३२, म्हणून सम संख्येची संभाव्यता ५/९.