फोर्ड व्ही-८ : हेडच्या स्टडमधून झिरपणारं पाणी कसं थांबवावं

जुन्या फोर्ड गाड्यांच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाच्या हेडवर, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणावर, एखाद्या नटाभोवती हिरवट-पांढरा थर साचला, की बहुतेक जण पाना घेऊन तो नट आवळायला जातात. गळती थांबत नाही, कारण ती नटाखाली नसतेच. १९३२ ते १९४८ च्या या फ्लॅटहेड (सपाट हेडच्या) इंजिनांत स्टडची, म्हणजे हेड धरून ठेवणाऱ्या आटेदार दांड्यांची, भोकं ब्लॉकमधून (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागातून) थेट पाण्याच्या पोकळीत उघडतात. पाणी खालच्या आट्यांमधून चढतं, स्टडच्या कडेने वर येतं आणि नटापाशी दिसतं. त्यामुळे वरून कितीही आवळलं किंवा सीलंट फासलं, तरी खालची वाट मोकळीच राहते.

आधी गळती नक्की स्टडचीच आहे का, ते पाहा. हेड कोरडं पुसा, इंजिन गरम करा आणि टॉर्च घेऊन बघा. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑईल दुधाळ झालं असेल, तर दुखणं गॅस्केटचं (हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ थराचं) किंवा ब्लॉकच्या तड्याचं असू शकतं. तसं असेल तर स्टडवर वेळ घालवू नका.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटर आणि ब्लॉकच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या तोट्यांमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाण्याचं मिश्रण) काढा. ते चवीला गोड पण विषारी असतं. झाकणाच्या डब्यात भरा, कुत्र्या-मांजरांपासून आणि मुलांपासून लांब ठेवा.

आता खरं काम, आणि इथे घाई अजिबात नको. स्टडच्या मुळाशी भेदक तेल (गंजात मुरणारं पातळ तेल) सोडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा सोडा. नट काढा, मग स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळा आणि खालच्या नटाला पाना लावून स्टड फिरवा. सुरुवातीला किंचित आवळायच्या दिशेने, मग उलट, मग पुन्हा आवळायच्या दिशेने. गंज कुरकुरत सुटतो, तो आवाज ओळखता येतो. स्टड स्प्रिंगसारखा पीळ खात असेल तर थांबा, ब्लॉक गरम करा, पुन्हा तेल द्या. मोडलेला स्टड काढायला वेल्डर लागतो, आणि शंभर वर्षांच्या जवळ आलेल्या ओतीव लोखंडाला नाहक त्रास होतो.

एका वेळी एकच स्टड काढा. हेड जागेवरच राहू द्या, म्हणजे गॅस्केट फारशी हलत नाही. स्टडच्या लांब्या वेगवेगळ्या असतात, म्हणून काढलेले स्टड पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून त्यात त्याच क्रमाने खोचा.

भोकातले आटे ७/१६ इंच, इंचाला १४ आट्यांच्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ करा. टॅपला ग्रीस लावा, कचरा त्याला चिकटून बाहेर येतो, पाण्याच्या पोकळीत पडत नाही. स्टडचे आटे तारेच्या ब्रशने घासून थिनरने पुसा. आटे झिजले असतील तर नवा स्टड घ्या, जुन्याला चिकटवण्यात अर्थ नाही. खालच्या आट्यांवर न वाळणारं पाइप सीलंट सगळीकडून पातळ लावा. तळाकडे थोडे आटे कोरडे सोडा. स्टड हाताने घट्ट बसेपर्यंत फिरवा, पाना लावू नका. तेल लावलेला वॉशर आणि नट बसवा.

सगळे स्टड झाल्यावर हेड मधल्या नटापासून बाहेर सरकत, तीन टप्प्यांत आवळा : २५, ४०, मग ५० पौंड-फूट. हा आकडा ओतीव लोखंडी हेडचा आहे. ॲल्युमिनियमच्या हेडला शेवटचा टप्पा ३५ ते ४० वरच थांबवा. सीलंट मुरायला रात्रभर द्या, मगच पाणी भरा.

पहिल्यांदा इंजिन गरम झाल्यावर लोखंडी हेड गरम असतानाच पुन्हा टॉर्क (नट आवळण्याचा जोर) तपासा. ॲल्युमिनियमचं मात्र पूर्ण थंड झाल्यावरच. शंभर-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना फिरवा, आणि कोरड्या फडक्याने प्रत्येक नट पुसून पाहा.