ट्रेड दोनदा बुक होतो तो कुठे? बँकेच्या मेसेजिंगमधल्या या चुका टाळा

नाशकात बसून न्यूयॉर्क-लंडनच्या बँकांचा प्रॉडक्शन सपोर्ट सांभाळताना "मेसेज हरवला" अशी तक्रार आली, तर आधी तो दोनदा किंवा उलट्या क्रमाने आला नाही ना, ते बघा. अमेरिकेत २८ मे २०२४ पासून सेटलमेंट टी प्लस वन (सौद्यानंतरच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी पैसे आणि शेअरची देवघेव) झाली, त्यामुळे डबल बुकिंग निस्तरायला मिळणारा एक अख्खा दिवस गेला.

आयबीएमचं एमक्यू असो वा काफ्का, या मेसेज पोचवणाऱ्या सिस्टिममधून मेसेज एकदाच येईल असं गृहीत धरू नका. कन्झ्युमरने (मेसेज वाचणाऱ्या प्रोग्रामने) ट्रेड डेटाबेसमध्ये लिहिला आणि पोच देण्याआधी तो बंद पडला, तर तोच मेसेज पुन्हा येणार, आणि तो यायलाच हवा. खरी चूक पुढे आहे: डुप्लिकेट ओळखायला मेसेज आयडी वापरला जातो. अपस्ट्रीमने (मेसेज पाठवणाऱ्या सिस्टिमने) तोच ट्रेड नव्याने पाठवला की मेसेज आयडी बदलतो आणि तपासणी फसते. लासलगावच्या कांदा बाजारात काटा पावतीची दुसरी प्रत आणली म्हणून माल दोनदा विकला जात नाही. बघायचा तो पावतीवरचा नंबर. इथे तो नंबर म्हणजे ट्रेड आयडी आणि व्हर्जन. या दोन्हींवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारा नियम) असलेलं टेबल ठेवा. त्यातलं इन्सर्ट आणि प्रत्यक्ष बुकिंग एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट करा. "आधी आहे का बघू, मग टाकू" असा कोड लिहू नका. दोन थ्रेड एकाच क्षणी बघतात, दोघांनाही "नाही" उत्तर मिळतं.

काफ्कामध्ये डुप्लिकेटचं आणखी एक उगमस्थान आहे, आणि ते सेटिंगमध्ये दडलेलं असतं. डिफॉल्टनुसार एका पोलमध्ये (कन्झ्युमर मेसेज मागतो ती फेरी) ५०० पर्यंत रेकॉर्ड येतात आणि पुढचा पोल ५ मिनिटांत व्हावा लागतो. एका ट्रेडला ०.७ सेकंद लागले तर ५०० ट्रेडना ३५० सेकंद लागतात, मर्यादा ३०० ची. ग्रुप कन्झ्युमरला बाहेर काढतो, रीबॅलन्स (उरलेल्या कन्झ्युमरमध्ये कामाची फेरवाटणी) होतो, तोच गठ्ठा दुसऱ्याकडे जातो आणि तोही अडकतो. रेकॉर्डची संख्या १०० वर आणली की हिशेब ७० सेकंदांचा होतो.

काफ्कात मेसेजचा क्रम फक्त एका पार्टिशनपुरता (टॉपिक म्हणजे मेसेजचा प्रवाह, त्याच्या एका भागापुरता) टिकतो. म्हणून मेसेज कुठल्या पार्टिशनमध्ये जाईल हे ठरवणारी 'की' ट्रेड आयडीचीच हवी. चालू टॉपिकचे पार्टिशन वाढवू नका: त्याच ट्रेडची दुरुस्ती वेगळ्या पार्टिशनमध्ये पडते आणि रद्द केल्याचा मेसेज मूळ ट्रेडच्या आधी पोचू शकतो.

एमक्यूमध्ये रांग हलत नाही, सीपीयू मात्र तापलेला, आणि लॉगमध्ये एकच ट्रेड आयडी पुन्हापुन्हा दिसतो? तो विषारी मेसेज आहे, म्हणजे दरवेळी प्रक्रिया फसून रांगेत परत येणारा. बॅकआउट थ्रेशोल्ड (किती वेळा परत आल्यावर मेसेज बाजूला काढायचा तो आकडा) डिफॉल्टने शून्य असतो, म्हणजे तो बाजूला काढायला कोणी नाही. थ्रेशोल्ड ३ ते ५ ठेवा, प्रत्येक ॲप्लिकेशनला स्वतःची बॅकआउट रांग द्या, आणि तिच्यात एक मेसेज पडताच अलर्ट जाऊ द्या. जेएमएस (जावा प्रोग्रामसाठीची मेसेजिंग लायब्ररी) हे स्वतः सांभाळतं. सी किंवा कोबोलमधल्या प्रोग्रामला बॅकआउट काउंट स्वतः वाचावा लागतो. रांगेची कमाल खोलीही तपासा. लिनक्सवर डिफॉल्ट ५,००० असते. बाजार उघडताना ती भरली की २०५३ एरर येतो आणि पाठवणाराच अडतो.

फिक्स सेशन (ऑर्डर आणि सौद्यांचे मेसेज ज्या प्रोटोकॉलने जातात त्याचं कनेक्शन) अडलं की सिक्वेन्स नंबर १ वर आणण्याचा मोह आवरा. दिवसाच्या मध्ये असं केलं तर मधले फिल (पूर्ण झालेल्या सौद्यांचे मेसेज) कायमचे सुटतात आणि पोझिशन चुकते. सुटलेले मेसेज पुन्हा मागणारी रीसेंड रिक्वेस्ट जाऊ द्या. परत आलेल्या मेसेजवर टॅग ४३ (हा मेसेज आधी पाठवलेला असू शकतो हे सांगणारा) ची किंमत वाय असते. डुप्लिकेट एक्झिक्युशन टॅग १७ वरून (एक्झिक्युशनचा आयडी) ओळखा.

शेवटचं घड्याळाचं. न्यूयॉर्कचा बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री १:३० ला बंद होतो, हिवाळ्यात २:३० ला. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतं, लंडनचं शेवटच्या रविवारी. त्या मधल्या काळात भारतीय वेळेवर लावलेला एंड ऑफ डे जॉब दोघांपैकी एकाच्या बाबतीत एक तास चुकतोच. जॉबवर त्या त्या शहराचा टाइमझोन लावा, मेसेजमध्ये वेळ यूटीसीमध्येच ठेवा, आणि शिफ्टचं रोस्टरही त्याच तारखांना बदला.