सार्वजनिक प्रसारणाचा निधी: वादात उतरण्याआधी हिशेब असा तपासा

सार्वजनिक रेडिओ-टीव्हीला सरकारने पैसे द्यावेत की नाही, या वादात दोन्ही बाजू टक्केवारी पुढे करतात. ती तपासायला तीन कागद लागतात: संस्थेचा लेखापरीक्षित वार्षिक अहवाल, अर्थसंकल्पातली तिची तरतूद आणि ती ज्या कायद्याने किंवा सनदेने चालते त्याचा मजकूर. आकडे निदान पाच वर्षांचे घ्या. एखाद्या वर्षी ट्रान्समीटरची खरेदी झालेली असते आणि तेवढ्याच वर्षावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

आधी बघा, आकडा कोणाच्या वहीतला आहे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अमेरिकेत एनपीआर या सार्वजनिक रेडिओ नेटवर्कच्या उत्पन्नात केंद्र सरकारचा थेट पैसा जेमतेम १ टक्का होता. तो बंद केला तर काय बिघडतं, असा प्रश्न त्यावरून विचारला जाई. पण सरकारी निधीचा मोठा वाटा स्थानिक रेडिओ-टीव्ही केंद्रांना जायचा आणि ही केंद्रं एनपीआरला कार्यक्रमांचं शुल्क भरायची. समजा, एका केंद्राचं उत्पन्न १००, त्यात अनुदान ४० आणि नेटवर्कला दिलेलं शुल्क २५. नेटवर्कच्या वहीत हे २५ ‘केंद्रांचं शुल्क’ म्हणून जमा होतात. प्रत्यक्षात त्यातले ४० टक्के, म्हणजे १०, सरकारकडूनच आलेले आहेत. मात्र एकूण सरकारी खर्च काढताना ४० आणि १० यांची बेरीज करू नका. तोच पैसा दोनदा मोजला जाईल.

सरासरीवरही विसंबू नका. मोठ्या शहरातल्या केंद्राला देणगीदार भरपूर मिळतात. विरळ वस्तीच्या भागात अनुदान हाच कणा असतो. केंद्रनिहाय तक्ता मागा. सरकारी जाहिरातींचं उत्पन्न आणि परदेश खात्याकडून येणारी रक्कमही शोधा. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा काही खर्च ब्रिटनचं परराष्ट्र खातं उचलतं, तो लायसन्स फीच्या, म्हणजे टीव्ही पाहणाऱ्या घरांकडून घेतल्या जाणाऱ्या वार्षिक शुल्काच्या आकड्यात दिसत नाही.

कपातीचा परिणाम काढताना स्थिर खर्च वेगळा करा. ट्रान्समीटर, वीज, इमारत, कायम पगार हे श्रोते कमी झाले म्हणून घटत नाहीत. १०० पैकी ६० स्थिर असतील आणि २० ची कात्री लागली, तर ती उरलेल्या ४० वर पडते. कागदावरची २० टक्के कपात कार्यक्रमांसाठी ५० टक्के ठरते, आणि बातमीदार, मुलांचे कार्यक्रम, छोट्या भाषांतले कार्यक्रम आधी जातात. गोठवलेली रक्कमही कपातच समजा: ब्रिटनची लायसन्स फी २०२२ आणि २०२३ मध्ये १५९ पौंडांवरच राहिली, महागाई मात्र थांबली नव्हती.

आता पैशाचा नळ कोणाच्या हातात आहे ते पाहा. आमच्या मते रकमेपेक्षा हे महत्त्वाचं. जर्मनीत घरटी प्रसारण शुल्क घेतलं जातं आणि संस्थांची गरज किती याचा हिशेब केईएफ हा स्वतंत्र आयोग मांडतो. २०२० मध्ये सॅक्सनी-अनहाल्ट राज्याने शुल्कवाढ अडवली, तेव्हा घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये ती लागू केली आणि दरमहा १८.३६ युरो ठरले. फिनलंडमध्ये २०१३ पासून उत्पन्नानुसार वेगळा कर आहे आणि तो अर्थसंकल्पाबाहेरच्या निधीत जातो. फ्रान्सने २०२२ मध्ये १३८ युरोंचं वार्षिक टीव्ही शुल्क रद्द केलं. अमेरिकेत निधी दोन वर्षं आगाऊ मंजूर व्हायचा, तरीही तिथल्या संसदेने (काँग्रेसने) जुलै २०२५ मध्ये सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. म्हणून कायदा वाचताना विचारा: मंजूर रक्कम साध्या बहुमताने मागे घेता येते का? संचालक कोण नेमतो, आणि त्यांना मुदतीआधी कोण काढू शकतो?

‘देणग्यांवर चालवा’ असं कोणी सुचवलं तर अनुदान गेल्याने पडणाऱ्या खड्ड्याची रक्कम घ्या, तिला सरासरी वार्षिक देणगीने भागा आणि आलेली संख्या त्या केंद्राच्या टप्प्यातल्या घरांशी ताडून पाहा. हजार घरांच्या भागात सातशे नवे देणगीदार लागत असतील, तर तो मार्ग त्या केंद्रासाठी नाही.